ऑक्टेन वाढलं, पण इंजिनाला कळलं का?

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास भरतो. साध्या पेट्रोलचा साधारण ९१ ते ९५. आता दोन्ही एकेक लिटर जाळून पाहिलं, तर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा निघते आणि इथेनॉलमधून जेमतेम २१. ऑक्टेन म्हणजे इंधनातली ताकद असती, तर हा हिशोब उलटा निघायला हवा होता. तरीही पंपावर जास्त आकड्याचं पेट्रोल मागणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच साखळी असते: महाग, म्हणजे जोरदार, म्हणजे पिकअप चांगला आणि मायलेजही.

ऑक्टेनचा आकडा सांगतो ती गोष्ट वेगळी आहे. इंधन दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेपर्यंत ते किती दम धरतं, एवढंच त्यातून कळतं.

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण दाबत आणतो. तो टोकाला पोचायच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या कडांकडे सरकू लागते. याला आपण बोलताना स्फोट म्हणतो, पण तो स्फोट नसतो. ज्योत सेकंदाला साधारण २० ते ४० मीटर या वेगानं, शिस्तीत पुढे जाते. तिच्या मागचा जळलेला वायू फुगतो आणि पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो, आणखी तापवतो. ज्योत वेळेवर तिथं पोचली तर काहीच बिघडत नाही. पण कोपऱ्यातलं ते मिश्रण ज्योत येण्याआधीच आपलं आपण पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला सहा-सात हजार वेळा आपटत राहतात. चढावर, भरल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बॉनेटखालून जो किणकिणाट ऐकू येतो तो हाच. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. किरकोळ नॉकिंगनं फारसं बिघडत नाही. जोरदार नॉकिंगमध्ये मात्र पिस्टनला लगटून असलेला वायूचा थोडा थंड थर उडून जातो, उष्णता थेट धातूत शिरते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनला खड्डे पडू लागतात.

काही इंधनं दम धरतात आणि काही धरत नाहीत, यामागचं रसायन मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. हेप्टेनचा रेणू घ्या: सात कार्बन एका सरळ साखळीत. गरम सिलिंडरमध्ये त्याचा एखादा हायड्रोजन निघाला की त्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो. सरळ साखळी लवचीक असते, त्यामुळे ती वळते आणि हा ऑक्सिजन त्याच साखळीतला दुसरा हायड्रोजन ओढून घेतो. रिकाम्या जागी आणखी एक ऑक्सिजन चिकटतो आणि शेवटी रेणू फुटताना एकाऐवजी अनेक आक्रमक तुकडे बाहेर पडतात. ते शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. पाहता पाहता सगळं मिश्रण पेटतं, तेही ठिणगीची वाट न पाहता. आयसो-ऑक्टेनमध्ये कार्बन आठ, म्हणजे एक जास्तच, पण त्याची रचना फांद्याफांद्यांची. आठांपैकी पाच कार्बन फांद्यांच्या टोकांवर असतात आणि टोकावरच्या कार्बनला हायड्रोजन घट्ट धरलेले असतात. आतल्या आत हायड्रोजन ओढून घेण्याचा तो खेळ इथं सहज जमत नाही. म्हणून हा रेणू बराच दाब आणि ताप सोसूनही शांत राहतो.

या दोन रेणूंवरूनच मोजपट्टी बनली. १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं हेप्टेनला शून्य आणि आयसो-ऑक्टेनला १०० मानावं असं सुचवलं. शून्याच्या टोकासाठी लागणारं शुद्ध हेप्टेन तेव्हा जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या राळेतून मिळवत. मोटारीच्या तंत्रज्ञानात एक पाइनचं झाड असं आडवाटेनं येऊन बसलं आहे. तुमचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आहे, याचा अर्थ ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांचं मिश्रण चाचणीच्या इंजिनात जितक्या दाबाला नॉकिंग करतं, तितक्याच दाबाला ते करतं. पेट्रोलमध्ये हे दोन रेणू त्याच प्रमाणात असायची गरज नाही. आणि इथेनॉलसारखं इंधन आयसो-ऑक्टेनपेक्षाही चिवट असेल, तर आकडा १०० च्या पुढे जातो.

ही चाचणी आजही एका खास एकसिलिंडरी इंजिनावर होते. इंजिन चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, बदलता येतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, सौम्य परिस्थितीत मोजलेला आकडा म्हणजे रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर). ९०० फेऱ्यांवर, आत जाणारं मिश्रण बरंच तापवून मोजलेला म्हणजे मॉन (मोटर ऑक्टेन नंबर), आणि तो कमी येतो. बहुतेक देशांत पंपावर रॉन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिथलं ८७ म्हणजे साधारण ९१-९२ रॉन. परदेशी व्हिडिओ पाहून आकडे ताडून पाहणाऱ्यांची इथंच फसगत होते.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कुणाला? खरं तर इंजिनाचा आराखडा काढणाऱ्याला. मिश्रण जितकं जास्त दाबून जाळाल तितकं तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. पिस्टननं मिश्रण चौपट दाबलं, तर कागदावरची आदर्श कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के येते. दहापट दाबलं तर ६०. प्रत्यक्षातले आकडे याहून बरेच खाली असतात, पण चढती दिशा हीच. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींचं कॉम्प्रेशन चारपटीच्या आसपास अडकलं होतं, कारण त्यापुढे गेलं की तेव्हाचं पेट्रोल नॉकिंग करायचं. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजलीनं डिसेंबर १९२१ मध्ये यावर टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाचा उपाय शोधला. नॉकिंग थांबलं, आणि पेट्रोलमधलं शिसं जगभरच्या हवेत मिसळत राहिलं. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, आणि तिथली विक्री थांबली २०२१ मध्ये. त्या मानानं आजचं बिनशिशाचं साधं पेट्रोलही कौतुकास्पद आहे. त्यावर दहा-अकरापट कॉम्प्रेशनची इंजिनं निवांत चालतात.

मुद्दा असा की ऑक्टेनचा फायदा इंजिन ओतलं जातं तेव्हाच ठरून गेलेला असतो. कॉम्प्रेशन चालता चालता बदलणारी इंजिनं निघाली आहेत, निसाननं तसं एक बाजारातही आणलं, पण ती अपवादच. बाकीच्या गाड्यांत तुम्ही टाकीत काहीही ओता, पिस्टन तितकंच वर जाणार. आठ नंबरचा पाय असलेल्या माणसानं दहा नंबरचा बूट घातला म्हणून तो वेगानं धावत नाही, तसंच हे.

यावर जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे: हल्लीच्या गाडीत संगणक असतो, तो इंधनाप्रमाणे जुळवून घेतो. घेतो, पण कसा ते पाहायला हवं. सिलिंडर ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती सहा-सात हजारांची थरथर टिपतो. थरथर जाणवली की ईसीयू, म्हणजे हाच संगणक, ठिणगी थोडी उशिरा टाकू लागतो. त्यामुळे दाब उतरतो, नॉकिंग थांबतं, आणि थोडी ताकद व थोडं मायलेज हातचं जातं. मग तो हळूहळू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुन्हा पुढे आणतो. मात्र किती पुढे, याची मर्यादा कंपनीनं आधीच आखून दिलेली असते. साध्या पेट्रोलसाठी जुळवलेली गाडी साध्या पेट्रोलवरच त्या मर्यादेपाशी चालत असेल, तर महाग पेट्रोल मिळाल्यावर तिला पुढे सरकायला जागाच नसते. शिवाय मर्यादा नसती तरी फार काही हाती लागलं नसतं: ठिणगी एका ठरावीक क्षणापेक्षा लवकर टाकली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ढकलण्यात ताकद वाया जाते.

टर्बो गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्यामुळे नॉकिंगची टांगती तलवार कायम असते, आणि कंपन्या अनेकदा ‘जास्त ऑक्टेन असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल’ असं जुळवून ठेवतात. अशा गाड्यांना फरक कळतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेनं दोन्ही बाजू तपासल्या. २०१६ मध्ये साध्या पेट्रोलच्या गाड्यांत, चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या, प्रीमियम म्हणजे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून ताकद, मायलेज आणि धूर मोजला. लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. २०१७ मध्ये कंपनी प्रीमियमची शिफारस करते पण सक्ती करत नाही, अशा गाड्या घेतल्या. तिथं मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. म्हणजे प्रीमियम ८ टक्के महाग असेल, तर या सरासरीनं २.७ टक्के परत येतात आणि उरलेलं खिशातून जातं. गाड्यागाड्यांत फरक होता हे खरं, पण हा हिशोब दर प्रीमियमवाल्यानं एकदा तरी मांडावा.

तोही फायदा मिळतो तो इंजिनावर खरा भार असताना: कडक ऊन, घाटाचा चढ, भरलेली गाडी, पुरता दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर. गर्दीत रांगत जाताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडर हवेनं अर्धाही भरत नाही, दाब कमी राहतो. तिथं नॉकिंगचा प्रश्न नसतो, मग ऑक्टेनचाही नसतो. उंच डोंगराळ भागातही बिनटर्बो गाडीला ऑक्टेनची निकड कमीच भासते, कारण हवा विरळ असते.

‘पण प्रीमियमनं इंजिन साफ राहतं’ हे वाक्य मात्र थेट खोडून काढता येत नाही. कारण ‘प्रीमियम’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: ऑक्टेन आणि डिटर्जंट. डिटर्जंट म्हणजे व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरवर जमणारा मळ सोडवणारी रसायनं, आणि ती खरोखर काम करतात. एएएच्याच एका चाचणीत चांगलं डिटर्जंट असलेल्या पेट्रोलच्या तुलनेत तसं नसलेल्या पेट्रोलनं इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) १९ पट मळ जमवला. पण चांगलं डिटर्जंट साध्या ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही घालता येतं, आणि काही कंपन्या घालतात. म्हणून विक्रेत्याला ऑक्टेन विचारण्यापेक्षा त्यात कोणती रसायनं घातली आहेत हे विचारणं जास्त कामाचं. आणखी एक मेख: डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही. तिथं इंजेक्टर स्वच्छ राहतील, पण त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठल्याही पेट्रोलनं धुतला जाणार नाही.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणामागे जास्त ऑक्टेन सक्तीचं म्हणून लिहिलं असेल, तर तिथं काटकसर करू नये. नॉक सेन्सर नॉकिंग झाल्यावरच जागा होतो, होण्याआधी नाही. आडगावात एखादी टाकी साधी भरावी लागली तर घाबरायचं कारण नाही. जोरात दामटवू नये आणि पुढच्या वेळी योग्य ते भरावं.

जुन्या गाडीचं मात्र उलट होऊ शकतं. वर्षानुवर्षं सिलिंडरमध्ये कार्बन जमला की दाबायची जागा किंचित कमी होते, गरम थर वाढतो, आणि पूर्वी साध्या पेट्रोलवर शांत चालणारं इंजिन चढावर किणकिणू लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर टायमिंग मागे घेणारा संगणकही नसतो. अशा वेळी एक टाकी जास्त ऑक्टेनची भरून पाहणं शहाणपणाचं आहे. आवाज गेला तर कारण सापडलं. मग कार्बन साफ करून घ्यायचा की महाग पेट्रोल भरत राहायचं, हा पैशाचा प्रश्न उरतो. आवाज तसाच राहिला, तर टायमिंग, चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे हवा त्याहून जास्त तापणारा, प्लग किंवा नीट न चालणारी कूलिंग यंत्रणा तपासून घ्यायला गाडी गॅरेजला न्यावी.