३ मीटर, ५० मीटर, १२५ डेसिबल: फटाक्यांच्या नियमांतले आकडे येतात कुठून

दिवाळी आठवड्यावर आली की सोसायटीच्या ग्रुपवर पालिकेचं पत्रक फिरायला लागतं, रात्री ८ ते १०, फक्त ग्रीन फटाके, हॉस्पिटलजवळ नको वगैरे, आणि त्याखाली लगेच तोच वार्षिक वाद सुरू होतो की आमच्याच सणाला एवढे नियम का. त्या वादात मी पडत नाही. मला कुतूहल आहे ते आकड्यांचं, कारण हे आकडे कुणीतरी ऑफिसात बसून उगाच ठरवलेत असं वाटतं खरं, पण बऱ्याच आकड्यांमागे शाळेतलंच फिजिक्स-केमिस्ट्री आहे, आणि ते एकदा डोक्यात बसलं की कुठला नियम मोडला तर नुसता दंड आणि कुठला मोडला तर बोटं जातील हे आपलं आपल्याला कळतं.

सुरुवात दारूपासून. फटाक्यातली हो. जुनी काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. कोळसा आणि गंधक जळतात, आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट त्यांना ऑक्सिजन पुरवतो. म्हणजे फटाका स्वतःचा ऑक्सिजन स्वतः घेऊनच येतो, बाहेरच्या हवेवर त्याचं काही अडत नाही, त्यामुळे पेटलेल्या फटाक्यावर गोणपाट टाकून तो "गुदमरवता" येत नाही, गोणपाटच पेटतं. उपयोग होतो पाण्याचा, कारण पाणी मिश्रण भिजवून थंड करतं. फटाके उडवताना शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवा असं सगळे सांगतात ते यासाठी.

आता हीच दारू कागदावर मोकळी पसरून पेटवली तर फस्स होऊन धुराचा लोट उठतो, आवाज जवळपास नाहीच. तीच घट्ट कागदात कोंबली आणि वरून सुतळीचे वेढे मारले की झाला सुतळी बॉम्ब. आत तयार झालेल्या गॅसला बाहेर पडायला जागा नसते, दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि शेवटी आवरण फुटतं तेव्हा तो दणका. आवाज दारूपेक्षा कोंडण्यातून येतो. म्हणूनच पोरांची ती स्टीलच्या डब्याखाली किंवा नारळाच्या करवंटीखाली बॉम्ब लावायची हौस इतकी वाईट, कारण आपण कागदाच्या जागी धातू नाहीतर करवंटी ठेवतो, आणि कागदाचे कपटे उडायच्या ऐवजी आता त्याचे तुकडे उडतात, ते थेट डोळ्यांच्या उंचीवर.

हे लक्षात ठेवून आता स्टॉलकडे बघा. ठाण्यात कोपरीला दिवाळीआधी फटाके घ्यायला जी झुंबड उडते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. हंगामी स्टॉलसाठी २००८ च्या एक्स्प्लोझिव्ह रूल्समधला ८४ वा नियम आहे, आणि तो खरंच वाचण्यासारखा आहे. शेड न पेटणाऱ्या मटेरियलची हवी, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नाहीत, आणि शेडची तोंडं समोरासमोर नकोत. समोरासमोर का नको? कारण स्टॉलला उघडी बाजू एकच, ती म्हणजे समोरची. आग लागली की उष्णता, ठिणग्या आणि सुटलेली रॉकेटं त्याच बाजूने बाहेर येणार, आणि समोर दुसऱ्या स्टॉलचं उघडं तोंड असेल तर मग काय, त्यालाही आमंत्रणच. शेजारच्या स्टॉलला निदान मध्ये भिंत असते. त्यातही ती ताडपत्रीची नसेल तर.

त्याच नियमात दिवे वायरला लोंबकळत ठेवायला बंदी आहे, ते भिंतीला किंवा छताला पक्के हवेत, आणि शेडच्या प्रत्येक रांगेला एक मास्टर स्विच हवा. शेडपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवून दाखवायचे नाहीत. "काका, एक लावून दाखवा ना" म्हणणारं गिऱ्हाईक आणि "हे घे बघ" म्हणणारा दुकानदार, दोघंही हाच नियम मोडत असतात. आपल्याकडे परवाना पोलीस आयुक्तालय देतं, ठाण्याचं वेगळं आणि नवी मुंबईचं वेगळं, आणि अग्निशमन दलाची एनओसी लागते, पण खरं सांगायचं तर परवान्याचा कागद बघण्यापेक्षा वरचा लोंबता बल्ब बघा, दुकानदार किती सिरियस आहे ते तिथेच कळतं.

एक बंदी लोकांना फारशी माहीत नाही. क्लोरेट (सोऱ्यासारखाच ऑक्सिजन पुरवणारा क्षार) आणि गंधक एकत्र असलेल्या मिश्रणावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. कारण हे मिश्रण पेटायला वात लागतेच असं नाही, नुसतं घासलं, आपटलं किंवा ओल्यात गंधकाचं थोडंसं अ‍ॅसिड झालं तरी ते उडू शकतं. चोरून आलेल्या स्वस्त परदेशी फटाक्यांत हीच भीती असते, म्हणजे ते लावल्यावर काय होईल यापेक्षा गोण्यांमधून आपटत येताना आणि तुमच्या माळ्यावर पडून असताना काय होईल हा प्रश्न मोठा.

आता आवाज. मर्यादा आहे १२५ डेसिबल, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजलेली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ८ मीटरवर ११९ आणि १६ मीटरवर ११३. उलट २ मीटरवर उभे राहिलात तर १३१. पण खरी गोम मोजायच्या पद्धतीत आहे, ही टेस्ट करताना आजूबाजूला १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारा कुठलाही पृष्ठभाग नको असं नियमच सांगतो. नौपाड्याच्या गल्लीत किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या दोन बिल्डिंगच्या मधल्या पॅसेजमध्ये अशी जागा शोधून दाखवा बरं! तिथे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत वर चढतो, त्यामुळे खोक्यावर लिहिलेलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येणारं यांचा काही संबंध उरत नाही.

माळेसाठी तर चक्क फॉर्म्युला आहे. माळेत जितके फटाके त्या संख्येचा लॉगॅरिदम घ्यायचा, ५ ने गुणायचं आणि तेवढे डेसिबल १२५ मधून वजा करायचे. १०० ची माळ असेल तर मर्यादा ११५, हजारची असेल तर ११०. लॉगॅरिदमचा दिवाळीत उपयोग होतो हे दहावी-अकरावीच्या पोरांना कुणी सांगत नाही. अर्थात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जोडलेल्या फटाक्यांवरच म्हणजे माळांवर बंदी घातली, आवाजाबरोबर धूर आणि कचराही खूप होतो म्हणून. तरी माळा वाजतात, ते सोडा.

त्याच निकालात बेरियमवरही बंदी आली आणि २०२१ मध्ये कोर्टाने ती पुन्हा बजावली. बेरियमचे क्षार हिरवा रंग देतात, आणि बेरियम नायट्रेट सोऱ्यासारखा ऑक्सिजनही देतं, म्हणून फुलबाजीतसुद्धा ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा, पिवळा सोडियमचा. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात आणि धुरातून ते आपल्या श्वासात येतात.

ग्रीन फटाका म्हणजे हिरव्या खोक्यातला फटाका नव्हे आणि बिनधुराचा तर नव्हेच. नागपूरच्या नीरी संस्थेने स्वास, स्टार आणि सफल अशी फॉर्म्युलेशन्स काढली, त्यात धुराचे कण नेहमीच्या फटाक्यापेक्षा निदान ३० टक्के कमी. म्हणजे उरलेले सत्तर टक्केपर्यंत धूर आहेच, दहा ग्रीन फटाके लावले की सात साध्या फटाक्यांएवढा धूर झाला, हा हिशोब खोक्यावर छापत नाहीत. स्वासमध्ये फुटताना पाण्याची वाफ सुटते आणि ती धूळ दाबते, सफलमध्ये अ‍ॅल्युमिनियम कमी. खोक्यावर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून बघा.

सगळ्यात जास्त फसवतं ते आवाज न करणारं. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठातल्या लोकांनी वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला, त्यात पहिली आली आपली निरागस नागगोळी, पीएम २.५ चं, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या अगदी बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला तब्बल ६४,५०० मायक्रोग्रॅम. आणि ती लावतो कोण, तर सगळ्यात लहान पोरं, उकिडवं बसून, तोंड तिच्यावर वाकवून.

वेळेचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये आधी ७ ते १० आणि मग चार दिवसांत ८ ते १० केलं. रात्री १० नंतर फटाके नकोत हे सुप्रीम कोर्टाने २००५ पासूनच सांगितलंय, ते मुख्यतः झोपेसाठी, पण हवेच्या अंगानेही ते बरंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री जमीन पटकन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची गरम, मग खालची हवा वर जातच नाही. जितका उशीर तितकं हे झाकण पक्कं. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रोडला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेलात तर जो करडा थर दिसतो तो हाच.

आणि न फुटलेल्या फटाक्याचं. वात विझली असं वाटतं तेव्हा आत ती धुमसत असू शकते, त्यामुळे वाकून बघायचं नाही, पुन्हा काडी लावायची नाही, बराच वेळ थांबून लांबूनच पाणी ओतायचं. फुलबाजीची तार विझल्यावरही काही वेळ चटका देते, ती थेट बादलीत टाका, अंगणात टाकलीत की कुणाचा तरी अनवाणी पाय पडतो. भाजलंच तर टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही, नळाखाली साध्या पाण्यात २० मिनिटं धरायचं. डोळ्यात गेलं असेल तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. जास्त भाजलं असेल तर ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ठाण्याहून कळवा-विटावा मार्गे फार लांब नाही.