वेकलॉकचा वाद आणि फोनची झोप

२०१२-१३च्या सुमारास पुण्यातल्या होस्टेलांच्या खोल्यांमध्ये फोन रूट करून (म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवून) नवं कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, टाकायची लाटच आली होती. तापकीर गल्लीतून जादा बॅटरी आणून खिशात बाळगा, नाहीतर सेटिंगशी झटापट करा. बहुतेकांचा हात आधी प्रोसेसरच्या कमाल वेगाकडे जाई, १.२ गिगाहर्ट्झचा १ करून टाकायचा. फरक फारसा पडत नसे, कारण बॅटरी उतरायची ती फोन टेबलावर पडून असताना. रात्री ९० टक्के, सकाळी ६५. बॅटरीच्या आलेखात 'स्क्रीन ऑन'ची पट्टी कोरी आणि 'अवेक'ची (फोन जागा असल्याची) सलग भरलेली.

त्यामागे असायचा वेकलॉक. नावात लॉक असलं तरी हे कुलूप नव्हे. 'माझं काम होईपर्यंत झोपायचं नाही' अशी ॲपने किंवा ड्रायव्हरने (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) धरलेली ती पकड. कोणाचीच पकड नसेल तर फोन लगेच झोपवायचा, हा अँड्रॉइडचा मूळ नियम. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच उभं आहे, म्हणून ही योजना २००९मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये घ्यावी म्हणून मांडली गेली, २०१०मध्ये 'सस्पेंड ब्लॉकर' असं नाव बदलून पुन्हा आली, आणि दोन्ही वेळा अडली. आक्षेप असा, की ॲपांच्या भरवशावर अख्खी यंत्रणा झोपवू-उठवू नये. प्रोसेसरला रिकाम्या वेळी खोल विश्रांती घेऊ द्या आणि बिघडलेलं ॲप दुरुस्त करा. तत्त्व म्हणून चोख! पण दुरुस्त करणार कोण? फोन घेणाऱ्याच्या हातात ते नव्हतंच. शेवटी जुलै २०१२मध्ये, कर्नलच्या ३.५ आवृत्तीत, जवळपास तीच सोय 'ऑटोस्लीप' म्हणून आत आली. दरम्यान वेकलॉक वापरणारे ड्रायव्हर मुख्य कर्नलबाहेरच राहिले होते. ही तीन वर्षं वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

होस्टेलातल्या दुसऱ्या खटपटीचा, प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवण्याचा, फायदा मात्र खरा होता. चिप काम करताना वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलतो. १० टक्के उतरवलं की त्यातला सुमारे १९ टक्के वाचतो. पण प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी. शेजारच्याचे आकडे जसेच्या तसे भरले की फोन गोठायचा आणि बॅटरी काढून घालावी लागायची.

२०१५मध्ये अँड्रॉइड ६ने 'डोझ' आणलं: चार्जिंगला नसलेला फोन, स्क्रीन बंद करून बराच वेळ स्थिर पडला, की बहुतेक ॲपांची पकड जुमानायचीच नाही. प्रोसेसरचा वेग ठरवणारे कर्नलमधले भाग, म्हणजे गव्हर्नरही बदलले. २००४पासूनचा 'ऑनडिमांड' ठरावीक अंतराने भार मोजून अंदाज बांधायचा, कर्नलच्या २०१६च्या ४.७ आवृत्तीतला 'स्केडयुटिल' थेट शेड्युलरला, म्हणजे कोणतं काम कधी आणि कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाला, विचारतो. २०१९च्या ५.० आवृत्तीपासून कोणतं काम प्रोसेसरच्या कोणत्या कोअरवर कमी विजेत होईल, तेही शेड्युलर पाहतो. दुसरीकडे नवं कर्नल टाकायला बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप) उघडला की अनेक बँकांची ॲप चालायला नकार देतात, म्हणून हौशी मंडळी पांगली.

जे उरलेत ते गव्हर्नरला सहसा हात लावत नाहीत. रात्रभर फोन टेबलावर ठेवतात आणि सकाळी आधी वेकलॉकची यादी उघडतात.