पायलट टिकला म्हणजे खूश आहे, हे कोणी सांगितलं बाप्पा?

परवा नागपूरच्या खामल्यात तर्री पोहे खाता खाता ओळखीच्या एका पोट्ट्यानं लॅपटॉप उघडला. एमबीए करून राहिला, प्रोजेक्टचा विषय कार्गो एअरलाइनमधलं पायलट रिटेन्शन. पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं, अॅट्रिशन (सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) कमी आहे म्हणजे पायलट समाधानी आहेत. अर्धी प्लेट तशीच राहिली माझी. मी काही वर्षं एका कार्गो कंपनीत क्रू रोस्टर, म्हणजे पायलटांच्या ड्युटीचं वेळापत्रक, बनवायचो, आणि हेच वाक्य तिथल्या मीटिंगमधे इतक्या वेळा ऐकलं की आता ऐकलं की कानशिलं तापतात.

रिटेन्शन म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, किती लोक राहिले, किती गेले, एक्सेलमधे मावतं. रिटायर झालेला माणूस त्यात 'गेला' म्हणून धरू नका, कंपनीनंच घरी बसवलेला धरू नका, एवढं पाळलं की झालं.

लोचा पुढे आहे. नाराजी ही माणसाच्या आतली गोष्ट. सोडून जाणं हा व्यवहार, आणि त्या व्यवहाराला किंमत पडते. पायलटच्या धंद्यात ती किंमत इतकी मोठी असते की आकडा नाराजी कमी आणि किंमतच जास्त दाखवतो. आपल्याकडे 2017 मधे डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, कॅप्टनचा नोटीस पिरियड एक वर्षाचा केला, को-पायलटचा सहा महिन्यांचा. एक वर्ष! आज वैतागून राजीनाम्याचा कागद दिला तरी पुढच्या वर्षी याच सीझनला तुम्ही तिथंच रात्रीचं उडून राहिले असणार, आणि एचआरच्या तक्त्यात तोवर 'रिटेन्ड'. त्यावर बॉन्ड. टाइप रेटिंग म्हणजे त्या एका जातीच्या विमानाचं ट्रेनिंग, त्याचा खर्च लाखांत, कंपनीनं केला तर अमुक वर्षं राहीन असं लिहून घेते. नोटीस आणि बॉन्ड एकच समजणारेही बम भेटतात, तर भाऊ, नोटीस नियमातून येते, बॉन्ड करारातून, दोन्ही एकावेळी गळ्यात असू शकतात. पुढे चला.

तिसरी किंमत लोकांच्या ध्यानातच येत नाही, ती म्हणजे हातातलं विमान कोणतं. समजा दोन पायलट आहेत, दोघांना सारखंच रोस्टर, सारखीच चिडचिड, पण एक बोइंग 737 चं फ्रेटर, म्हणजे मालवाहू विमान, उडवतो आणि दुसरा 757 चं. 737 आपल्या प्रवासी एअरलाइन्सही उडवतात, त्यामुळे पहिल्याचं रेटिंग उद्याही विकलं जातं. 757 आपल्याकडच्या एकाही प्रवासी एअरलाइनकडे नाही, म्हणजे दुसऱ्याला देशात राहून बदल करायचा तर बहुतेक नवीन रेटिंग करा, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा बॉन्ड. पहिला जातो, दुसरा थांबतो. आणि एचआर म्हणते 757 च्या फ्लीटवर वातावरण चांगलं आहे! भैताडपणा आहे हा, दुसरं काय.

अमेरिकेत तर याच्यावर सीनियॉरिटीचा कळस. तिथं तुमचा नंबर ठरवतो कोणतं विमान, कोणता बेस, कोणती ट्रिप, दिवाळीला सुट्टी (त्यांची ख्रिसमसला), कॅप्टन कधी. कंपनी बदलली की नंबर शून्यातून, मग तुम्ही वीस वर्षं उडवलेलं असो. 2023 च्या जुलैमधे फेडेक्स या तिथल्या बड्या कार्गो कंपनीच्या पायलटांनी युनियननं आणलेला करार 57 टक्के मतांनी नाकारला. म्हणजे नाराजी मतपेटीतून उघड दिसली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी कामापेक्षा पायलट जास्त झाले म्हणून कंपनीच त्यांना सुचवत होती की पीएसए नावाच्या छोट्या प्रवासी एअरलाइनकडे जायचं तर बघा. मालक दरवाजा दाखवून राहिला आणि नाराज माणूस उठत नाही, कारण उठला की नंबर गेला. या परिस्थितीत 'कमी अॅट्रिशन' या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा, सांगा मला.

उलटंही होतं, आणि ते त्या पोट्ट्याला अजिबात पटेना. खूश माणूसही जातो. नवा को-पायलट कार्गोत येतो, रात्रीचं उडणं त्याला आवडतं, पॅसेंजरची कटकट नाही, मागून खोके तक्रार करत नाहीत, दीड हजार तास पूर्ण करून एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) घेतो आणि आणखी मोठं विमान किंवा गल्फची एअरलाइन खुणावली की निघतो. जाताना गळ्यात पडून जातो. त्याला 'डिससॅटिस्फाइड' रकान्यात टाकून पगारवाढीची फाइल फिरवणं म्हणजे पाय दुखला आणि डोक्याला बाम.

थकवा आणि नाराजी हाही एक गोंधळ आहे पण तो तितका अवघड नाही. थकवा झोपेनं जातो, नाराजी झोपेनं जात नाही. कार्गोत दोन्ही एकमेकांत मिसळतात कारण काम रात्रीचं, पहाटे 2 ते 6 शरीर सगळ्यात ढिलं असतं आणि नेमकं तेव्हाच हबवरून, म्हणजे सगळीकडचा माल गोळा होतो त्या तळावरून, माल भरून निघायचं असतं. त्यात 2014 पासून अमेरिकेत प्रवासी पायलटांच्या ड्युटीचे कडक नियम लागू झाले तेव्हा कार्गोवाल्यांना वगळलं, ते त्यांना आजही झोंबतं, आणि ते झोंबणं थकवा नाही, ती नाराजी आहे. (रात्रीच्या हबचं कौतुक मेम्फिसला करता ना, ते फेडेक्सनं 1973 मधे सुरू केलं. आपल्या नागपुरात 30 जानेवारी 1949 ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला येऊन थैल्या बदलून परत जायची. हे मी कुठेही घुसडतो, सवय आहे.)

मग बघायचं काय, असं पोट्ट्यानं विचारलं. माझं मत, एकूण अॅट्रिशन फेकून दे. ज्यांचा बॉन्ड संपला आणि ज्यांचं रेटिंग बाजारात चालतं, म्हणजे ज्यांना जाणं स्वस्त आहे, त्यातले किती राहिले तेवढंच मोज. आमच्याकडे दीड वर्ष एकही राजीनामा नव्हता, साहेबांनी पेढे वाटले, मग एका बॅचचा बॉन्ड संपला आणि पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत बॅचमधली बहुतेक पोरं कागद देऊन मोकळी झाली. त्याआधी खुणा होत्या, मला रोस्टरवर दिसत होत्या. ठरावीक नाइट ट्रिपलाच आजारपण, अदलाबदलीच्या विनंत्यांचा ढीग, एक्स्ट्रा फ्लाइटला कोणी हो म्हणेना. पण तो रकाना रिटेन्शनच्या तक्त्यात नव्हता.

आणि एक्झिट इंटरव्ह्यूवर तर अजिबात विसंबू नको. पायलटला पुढे उडायला जुन्या कंपनीची एनओसी लागते, तो त्या खोलीत बसून खरं काऊन बोलेल? 'कौटुंबिक कारण' लिहितो आणि चहा पितो. वर्षभरानं फोन कर, तेव्हा बोलतो. त्या बॅचमधल्या एकाला मी केला होता. पगाराचं नावच काढलं नाही त्यानं. म्हणाला, सकाळी सातला हॉटेलवर पोचायचो, पडदे इतके पातळ की खोलीत ऊन, अकराला साफसफाईवाला दार वाजवायचा, तीनदा मेल केला, पडदे काही बदलले नाहीत.