‘ती रायबोसोमवाली टेस्ट करता का?’ : तुकडा जमा करण्याआधी हे वाचा

गेले काही महिने आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रोज एक तरी जण मोबाईल पुढे करतो. मजकूर ठरलेला: कॅन्सरच्या पेशीतलं एक रायबोसोमचं प्रोटीन सापडलंय, त्यावरून औषध कुठलं चालेल ते कळतं. मग प्रश्न, ‘तुमच्याकडे होते का? किती पडतील?’ दिवसातून चारदा तेच सांगण्यापेक्षा छापून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

रायबोसोम म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. चादरीच्या मागावर जेकार्डला भोकं पाडलेले पुठ्ठे लावतात आणि त्या भोकांप्रमाणे मोर नाहीतर फूल उतरतं. पेशीतला रायबोसोम हा तसाच माग. जनुकाकडून आलेला निरोप म्हणजे पुठ्ठा आणि विणून निघतं ते प्रोटीन. या मागाचा सांगाडा आरएनएचा असतो आणि त्याला माणसात सुमारे ८० प्रोटीनं जोडलेली असतात, लहान भागात ३३ आणि मोठ्या भागात ४७. मागाची नेमकी रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन आपल्याकडचेच, तमिळनाडूत जन्मलेले.

कॅन्सरची पेशी सारखी वाढत असते, म्हणजे तिचे माग तिन्ही पाळ्यांत चालू. त्यामुळे या ८० पैकी काहींकडे संशोधकांचं लक्ष जाणारच. फॉरवर्डमध्ये बहुतेक वेळा असतं ते लहान भागातलं सहावं प्रोटीन, आरपीएस-६, थोडक्यात एस-६. ते नुसतं असण्याला काही अर्थ नाही, कारण ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, तुमच्या-आमच्या नखाच्या मुळाशीसुद्धा. बघायचं असतं ते त्याच्यावर फॉस्फेटचा बिल्ला लागलाय का. पेशीत एमटॉर नावाचं वाढीचं बटण आहे. ते चालू असलं की पुढचा एक एन्झाइम एस-६ वर हा बिल्ला लावतो. एमटॉर दाबणारं एव्हरोलिमस हे औषध वापरात आहेच. अमेरिकेत २००९ मध्ये किडनीच्या आणि २०१२ मध्ये एका प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते देण्याआधी एस-६ तपासलंच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे बिल्ला दिसला काय, न दिसला काय, तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यावरून बदलत नाही.

दुसरी बाजूही आहे. एल-५ आणि एल-११ ही मोठ्या भागातली दोन प्रोटीनं. मागाची जुळणी बिघडली की ती मोकळी होतात आणि एमडीएम-२ नावाच्या प्रोटीनला धरून ठेवतात. हा एमडीएम-२ एरवी पी-५३ या पहारेकऱ्याला संपवत असतो. तो अडकला की पी-५३ जागा होऊन पेशीची वाढ थांबवतो. म्हणून मागाची जुळणीच अडवणारी औषधं बनवायचा प्रयत्न चालू आहे. अडचण एवढीच की माग निरोगी पेशीतही असतात, आणि तिथला धंदा बंद पडून चालत नाही. संशोधन चांगलं आहे, पण आज सोलापुरात बसून त्यासाठी तुमच्याकडून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. ‘तुमच्याकडे मशीन नाही म्हणून नाही म्हणता’ असं तोंडावर ऐकून घेतलंय. ऐकू. ईआर, पीआर (स्तनाची गाठ हार्मोनवर वाढते का), हर-२ (वाढीचं एक प्रोटीन जास्त आहे का), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात) या ज्यांच्यावर औषध ठरतं त्या तपासण्या आम्ही इथेच करतो. हर-२ मध्ये ‘दोन प्लस’, म्हणजे धड हो ना धड नाही असं आलं, तर फिश या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीसाठी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) बाहेर पाठवतो आणि तसं आधी सांगतो.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे छापलं, ते. टेस्ट कुठलीही असो, ती बिघडते ती बाटलीत.

मागच्या मे महिन्यात अक्कलकोटकडून एक मुलगा आईच्या गाठीचा तुकडा घेऊन आला. पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत सलाइन. आदल्या दुपारी ऑपरेशन, रात्रभर बाटली घरी, सकाळी एसटीने इथे. पारा ४३ वर. झाकण काढलं तेव्हाच वासाने कळलं. तरी प्रोसेसिंग केलं. ईआर-पीआर निगेटिव्ह. पण त्याच तुकड्यातल्या निरोगी दुधाच्या नलिकाही कोऱ्या होत्या, आणि त्यांच्या काही पेशी रंगायलाच हव्यात. म्हणजे आजार निगेटिव्ह नव्हता, तुकडाच मेला होता. तो रिपोर्ट तसाच दिला असता, तर त्या बाईंची हार्मोन रोखणारी गोळी हुकली असती. नशिबाने आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये होता. तो मागवला, त्यावर ईआर पॉझिटिव्ह आलं. यात १२ दिवस गेले.

शरीराबाहेर आल्यावर तुकड्यातले एन्झाइम लगेच मरत नाहीत, ते आतून खात बसतात. आणि सगळ्यात आधी जातो तो फॉस्फेटचा बिल्ला. म्हणजे जी टेस्ट लोक मोबाईलवर दाखवतात, तीच सगळ्यात नाजूक.

तुकडा ठेवायला सलाइन नको, स्पिरिट नको, फ्रीजर तर नकोच, बर्फाचे कण पेशी फाडतात. पाहिजे ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या निदान दहापट, आणि तुकडा निघाल्यापासून तासाच्या आत. स्तनाच्या गाठीला त्यात किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास. फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, म्हणून मोठी गाठ असेल तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना छेद द्यायची विनंती करा. घरी ब्लेड लावू नका. बरणी रुंद तोंडाचीच हवी. मऊ तुकडा अरुंद तोंडातून आत जातो, पण घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही. मग आम्हाला बाटली कापावी लागते. बरणीवर (झाकणावर नव्हे, झाकणं बदलतात) नाव, डावी की उजवी बाजू, आणि तुकडा किती वाजता काढला ते लिहा. ही वेळ कुणी लिहीत नाही.

तपासणी आधी कुठे झाली असेल, तर नुसता रिपोर्ट किंवा काचा (स्लाइड) आणू नका, मेणाचा ब्लॉक मागून घ्या. लॅबवाले कुरकुर करतील, पण लेखी अर्ज केला की देतात. आमच्याकडचा ब्लॉकही मागितल्यावर पोच घेऊन देतो. तो उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, मेणच ते.

फॉर्मालिन भरलेल्या, मोजून माप घातलेल्या बरण्या आमच्या काउंटरवर फुकट मिळतात. तपासणी आमच्याकडे करणार नसाल तरी न्या. झाकण घट्ट ठेवा, हुंगू नका, पोरांच्या हाती देऊ नका. रविवारी ऑपरेशन असेल तर शनिवारी संध्याकाळीच घेऊन जा, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आधी फोन करा, आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही.