वाडीतली कामसुरक्षा (कोकण)

माड, पोफळ, आंबा, काजूच्या छोट्या बागांत राबणाऱ्या माणसांना अपघात, विषबाधा, आजार होऊ नयेत म्हणून जे काही करतात ते म्हणजे वाडीतली कामसुरक्षा. कारखान्यात निदान इन्स्पेक्टर तरी येतो, वाडीत कोण येणार? इथे मालक स्वतःच पंप पाठीला लावतो, शेजारची काकू काजू वेचायला येते, हापूसच्या सीझनला नेपाळी गडी असतात, मग नियम लावायचा तर कोणी कोणाला लावायचा. आयव्हरी कोस्ट, घानातल्या कोकोच्या छोट्या शेतांवर पण हीच गत, कोयत्याचे घाव, फवारणी, जड ओझी. केरळ-कर्नाटकात तर कोको माड-पोफळीच्या सावलीतच लावतात, त्यामुळे त्यातले बरेच धोके आपल्या ओळखीचेच आहेत.

सगळ्यात जीवघेणी उंची. पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा गडी, कंबरेच्या आकडीत कोयती अडकवून सरसर चढतो, खाली दोर नाही की पट्टा नाही, आणि पोफळीवर तर खाली न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेऊन जातात. त्यात पोफळीच्या कोळेरोगासाठी (पावसाळ्यात बुरशीनं सुपारी सडून गळते तो) बोर्डो मिश्रण (१०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद नि १ किलो चुना) मारायचं ते पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा भर पावसाळ्यातल्या उघडिपीत, म्हणजे नेमकं खोड बुळबुळीत असताना. नारळ विकास मंडळानं २०११ पासून यंत्रानं माडावर चढायचं ट्रेनिंग सुरू केलं. जुने पाडेली म्हणतात यंत्र स्लो आहे, ते खरंच आहे, पण सेफ्टी बेल्ट लावला तर तोल गेला तरी माणूस खाली येत नाही. आणि ॲल्युमिनियमची शिडी किंवा काठी विजेच्या तारेजवळ नेऊच नये, सुका बांबू बरा.

आंब्याच्या फवारणीत औषध वर मारायचं आणि ते परत आपल्याच डोक्यावर गळतं. पूर्ण सूट घालून कोकणातल्या दमट हवेत तासभर उभं राहून दाखवा, मग कळेल लोक का घालत नाहीत! त्यामुळे सकाळी लवकर, वारा पाठीशी घेऊन फवारणं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, ग्लोव्हज, मास्क, आणि काम झालं की साबणानं आंघोळ, एवढं तरी जमवायचं. बाटलीवरचा त्रिकोण बघायचा, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. रिकामी बाटली पाण्याला वापरायची नाही हे सांगायला नको, तरी वापरतात. काजूचं वेगळंच, टरफलातल्या तेलानं बोटं भाजतात म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावतात, ग्लोव्हज घातले की बी नीट धरता येत नाही अशी तक्रार असते.

माकडताप हा मात्र सिंधुदुर्गातला खास धोका. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे पहिल्यांदा सापडलेला हा आजार २०१६ पासून दोडामार्ग, बांदा भागात दिसायला लागला. गोचिडीतून होतो, जोर जानेवारी ते मे, आणि काजू वेचायचा, पातेरा (सुका पालापाचोळा) गोळा करायचा सीझनही तोच. म्हणून अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावून जायचं, आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप), कातळावर फुरसं हा विषारी साप, दगडाखाली विंचू हे आहेतच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं, त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ घालवण्यात काही अर्थ नाही.

सुधारणा कशी करायची याचा एक चांगला मार्ग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 'विंड' पद्धतीत आहे, १९९० च्या दशकात व्हिएतनाममधल्या भातशेतकऱ्यांबरोबर ती तयार झाली. शेजारी एकमेकांच्या शेतावर जातात, कोणी काय चांगलं केलंय ते बघतात आणि स्वस्तातला एखादा बदल आपल्याकडे करतात. औषधाला कुलूप, ओझ्याला हातगाडी, कामाच्या जागी सावली नि पाणी, असलं. लेक्चरपेक्षा हे वाडीला जास्त पटतं.

नुकसानभरपाईचा भाग सगळ्यात कच्चा. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, पण ते सातबारावाल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला, जमीन नसलेला पाडेली त्यात बसतच नाही. त्याच्यासाठी नारळ मंडळाची 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे, पण नारळ पाडायला बोलावताना विमा काढलाय का म्हणून विचारणारे मालक अजून विरळाच.