खुलासा: जास्त नग काढणारा कामगार सरसच असतो असे नाही
कारखान्यांत जुना समज आहे: ज्याचे नग जास्त, त्याचे मूल्यमापन वरचे. तो चुकीचा आहे. नगांचा नुसता आकडा अनेकदा माणसापेक्षा मशीनबद्दलच जास्त सांगतो.

हिशेब करून पाहा. 8 तासांच्या पाळीतून 30 मिनिटांची सुट्टी वजा केली की 450 मिनिटे उरतात. एका नगाला दीड मिनिट, म्हणजे लक्ष्य 300. एका ऑपरेटरने 270 नग काढले, दुसऱ्याने 228. पण डाय (मशीनचा साचा) बदलण्यात आणि मालाची वाट पाहण्यात दुसऱ्याचे मशीन 90 मिनिटे बंद होते; त्याला शक्य होते 240च. म्हणजे तो 95 टक्क्यांवर, पहिला 90 वर. पहिल्याचे काही नग रिवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) गेले असतील, तर फरक आणखी वाढतो.

म्हणून मशीन बंद राहिल्याची वेळ आणि कारण त्याच पाळीत नोंदवा. महिनाअखेरीस आठवून लिहिलेले भरवशाचे नसते. रिजेक्शनही (नापास झालेले नग) कारणानुसार वेगळे करा. कच्च्या मालातला दोष ऑपरेटरच्या माथी मारणे हा सरळ अन्याय आहे. आणि पगारवाढीचे बोलणे मूल्यमापनाच्या चर्चेपासून वेगळ्या दिवशी ठेवा, नाहीतर वाढीचा आकडा कळल्यावर सुधारणेच्या मुद्द्यांकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.