दूतावासाचे संरक्षण: हक्क कोणाचा, मागणी कोणाकडे आणि कागद कोणते

दूतावासाच्या फाटकाबाहेर जमाव जमला आहे, घोषणांचा सूर चढतो आहे आणि पहिला दगड आत येऊन पडला आहे. संरक्षणासाठी अर्ज कुठे करायचा? खरे तर अर्जाची गरजच नाही. परदेशी दूतावासाचे रक्षण करणे हे यजमान देशाचे ‘विशेष कर्तव्य’ आहे, असे १९६१ च्या व्हिएन्ना राजनैतिक संबंध कराराचे कलम २२ सांगते. दूतावासाने मागितले तरच, अशी अट त्यात नाही. फॉर्म नाही, शुल्क नाही, शेवटची तारीख नाही.

तरीही जगभरचे दूतावास या एका विषयावर फायलींच्या फायली भरतात आणि त्यात शहाणपण आहे. संरक्षण मिळाले नाही, तर पुढचा सगळा वाद तीन प्रश्नांभोवती फिरतो. सरकारला धोका माहीत होता का? तो रोखण्याची साधने त्याच्याकडे होती का? आणि तरीही ते हातावर हात धरून बसले का? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दूतावासाच्या जावक नोंदवहीत असते. म्हणून ही कागदपत्रे संरक्षण ‘मिळवण्यासाठी’ कमी आणि सरकारला ‘माहीत नव्हते’ असे म्हणता येऊ नये यासाठी जास्त असतात.

पात्रता: कोणती जागा, कोणती माणसे

करारातली ‘दूतावासाची जागा’ म्हणजे कामासाठी वापरली जाणारी इमारत किंवा इमारतीचा भाग, त्याला लागून असलेली जमीन आणि राजदूताचे निवासस्थान. मालक कोण, याला महत्त्व नाही. व्यापारी इमारतीतला भाड्याचा एक मजला असला, तरी त्या मजल्याला तेच संरक्षण. राजनैतिक अधिकाऱ्याच्या खासगी घरालाही ते मिळते (कलम ३०) आणि खुद्द त्या व्यक्तीलाही (कलम २९). सोबत राहणारे कुटुंबीय आणि प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी कलम ३७ मध्ये येतात, पण ते यजमान देशाचेच नागरिक नसतील तर. दप्तर मात्र कुठेही असो, कधीही असो, त्याला हात लावता येत नाही. रस्त्यावर पडलेली फाईलसुद्धा दूतावासाचीच.

वाणिज्य दूतावासांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे. तिथे रक्षणाचे कर्तव्य तितकेच पक्के आहे, पण जागेची अभेद्यता, म्हणजे परवानगीशिवाय कोणी आत न शिरण्याचे बंधन, फक्त कामकाजाच्या भागापुरती असते. शिवाय आग लागली किंवा तातडीची आपत्ती आली, तर आत येण्यास प्रमुखाची संमती गृहीत धरली जाते. दूतावासाच्या बाबतीत १९६१ च्या करारात अशी सवलत नाही. इमारत जळत असली तरी अग्निशमन दलाने आत शिरण्यासाठी प्रमुखाची परवानगी लागते. म्हणून आगीच्या वेळी ‘हो’ कोण म्हणणार आणि कोणत्या खोल्या वगळायच्या, हे शांततेच्या काळातच ठरवून ठेवलेले बरे.

मानद वाणिज्यदूताची गंमत वेगळी. बहुतेकदा तो स्थानिक व्यावसायिक असतो आणि त्याच्याच कार्यालयाबाहेर एक पाटी असते. त्याच्या जागेला अभेद्यता नाही, पण घुसखोरी आणि नासधूस यांपासून ती वाचवण्याचे काम यजमान देशाचेच आहे (कलम ५९). हे अनेक मानद वाणिज्यदूतांना स्वतःलाच माहीत नसते.

विमान कंपनीचे कार्यालय, बँक, एखाद्या देशाचे नाव लावणारी शाळा किंवा हॉटेल या यादीत नाही. जमावाला हा फरक कळत नाही आणि कळला तरी त्याला काही देणेघेणे नसते, पण कायद्याला असतो. अशा जागांना सामान्य पोलीस संरक्षण मिळते, विशेष कर्तव्याचे नव्हे. सांस्कृतिक केंद्रांचे उत्तर एका साध्या गोष्टीवर ठरते: ते दूतावासाची जागा म्हणून यजमान सरकारला कळवले होते का आणि सरकारने ते मान्य केले होते का? राजधानीबाहेर दूतावासाची शाखा उघडायची तर कलम १२ प्रमाणे आधी स्पष्ट संमती घ्यावी लागते. न कळवता उघडलेल्या जागेसाठी संकटात हक्क सांगणे अवघड जाते.

‘सर्व योग्य उपाय’ म्हणजे नेमके किती?

करारात शब्द आहेत ‘सर्व योग्य उपाय’. यात हमी नाही. एखादा माणूस रात्री भिंतीवर बाटली फेकून पळाला, म्हणून सरकारने करार मोडला असे होत नाही. धोका जेवढा मोठा आणि जेवढा आधी दिसलेला, तेवढा बंदोबस्त हवा, असा हिशेब आहे.

हा हिशेब कसा मांडायचा ते तेहरानच्या खटल्यात दिसले. १४ फेब्रुवारी १९७९ रोजी तिथल्या अमेरिकी दूतावासावर सशस्त्र हल्ला झाला, तेव्हा इराणच्या हंगामी सरकारने हस्तक्षेप करून तो मोकळा केला. १ नोव्हेंबरला मोठे निदर्शन झाले, तेव्हाही दूतावास सुरक्षित राहिला. मग ४ नोव्हेंबर उजाडला. हल्ला काही तास चालला, मदतीसाठी वारंवार विनंत्या गेल्या, प्रभारी राजदूत तर त्या वेळी परराष्ट्र मंत्रालयातच होते. कुमक आली नाही. दुसऱ्याच दिवशी तबरीझ आणि शिराझ इथले वाणिज्य दूतावासही ताब्यात घेतले गेले. अखेरपर्यंत अडकलेल्या ५२ जणांना सुटायला ४४४ दिवस लागले.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २४ मे १९८० च्या निकालात या घटनेचे दोन भाग पाडले. हल्ला करणारे सरकारी माणसे होती हे सिद्ध झाले नाही, म्हणून पहिला हल्ला सरकारचा ठरला नाही. पण सरकारला जबाबदारी ठाऊक होती, तातडी ठाऊक होती, साधने हाताशी होती आणि तरी त्याने काही केले नाही. एवढ्यानेच करारभंग झाला. नंतर राज्यकर्त्यांनी त्या ताब्याला उघड मान्यता दिली, तेव्हा तो ताबा सरकारचेच कृत्य बनला. लक्षात घ्या, फेब्रुवारीतल्या यशस्वी बंदोबस्तानेच नोव्हेंबरचा बचाव लंगडा केला. एकदा जमले होते, मग या वेळी का नाही?

‘हे विद्यार्थ्यांनी केले’ किंवा ‘तो प्रांतिक पोलिसांचा विषय होता’ ही उत्तरेही चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे देश एकच असतो. त्याच्या आतल्या खात्यांची वाटणी हा त्याचा घरचा प्रश्न.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण विनंतीपत्रांत इथेच चूक होते. दूतावासाला निदर्शने बंद करून मागण्याचा हक्क नाही. करारात दूतावासाची शांतता आणि प्रतिष्ठा जपायला सांगितले आहे, पण प्रतिष्ठा म्हणजे टीकेपासून सुटका नव्हे. वॉशिंग्टनमध्ये दूतावासापासून ५०० फुटांच्या आत त्या सरकारची बदनामी करणारे फलक धरायला मनाई होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती मनाई रद्द केली, पण सुरक्षेसाठी जमाव पांगवण्याचा पोलिसांचा अधिकार कायम ठेवला. तेव्हा पत्रात ‘निदर्शनाला परवानगी देऊ नये’ असे लिहिण्यापेक्षा ‘फाटकापासून अंतर राखावे, ये-जा सुरू राहावी, भिंतीजवळ कोणी पोचू नये’ असे लिहावे. पहिली मागणी सहज फेटाळली जाते. दुसरी फेटाळायची तर कारण द्यावे लागते.

मागणी कोणाकडे, कशी

जमाव फाटकावर असेल तर आधी पोलिसांना फोन, यात दुमत नाही. मात्र अधिकृत व्यवहार कलम ४१ प्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा परस्परसंमतीने ठरलेल्या खात्याशी व्हायला हवा. व्यवहारात हे काम बहुधा मंत्रालयाचा राजशिष्टाचार विभाग पाहतो. फोन केल्याची वेळ, समोर कोण बोलले, काय उत्तर मिळाले हे त्याच क्षणी लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी लेखी पत्र पाठवायचे.

या पत्राला ‘नोट व्हर्बाल’ म्हणतात. नाव ‘तोंडी’ असले तरी असते लेखीच. ते तृतीयपुरुषात असते: ‘अमुक दूतावास परराष्ट्र मंत्रालयास आदरपूर्वक कळवू इच्छितो की...’ शेवटी पूर्ण सही नसते, आद्याक्षरे आणि शिक्का असतो. आदराची ठरीव वाक्ये रागाच्या भरातही गाळत नाहीत. गाळली, तर तोच एक संदेश समजला जातो.

पत्राचा कस मधल्या परिच्छेदात लागतो. ‘योग्य संरक्षण द्यावे ही विनंती’ एवढ्यावर थांबलेले पत्र उद्या कामाला येत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या बाजूने, कोणाच्या आवाहनावरून लोक जमणार आहेत, मागच्या वेळी काय घडले आणि आता नेमके काय हवे, हे त्यात यायला हवे. मिळाल्याची पोच घ्यायचीच.

जोडायचे कागद फार नाहीत, पण ते आधीपासून तयार असावे लागतात. कलम १० प्रमाणे प्रत्येक नियुक्ती, आगमन आणि कायमचे जाणे मंत्रालयाला कळवायचे असते. ही यादी शिळी असेल, तर कोणाच्या घराला पहारा द्यायचा हेच पोलिसांना कळत नाही. त्याबरोबर सर्व जागांचे व निवासस्थानांचे पत्ते, भाडेकरारांच्या प्रती, वाहनांचे क्रमांक, चोवीस तास उचलला जाईल असा फोन, धमकीची पत्रे किंवा संदेश जसेच्या तसे, आणि आधीच्या घटनांची चित्रणे. नकाशा द्यावा, पण बाहेरच्या बाजूचा: फाटके, भिंती, आडरस्ते. आतल्या खोल्यांचा नकाशा बंदोबस्ताला लागत नाही, असे माझे मत.

पोलिसांनी आत यायचे की नाही, हे फक्त दूतावासाचा प्रमुख ठरवतो, तो नसेल तर प्रभारी. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासातले ओलीसनाट्य ब्रिटिश कमांडोंनी आत घुसून संपवले, ते इराणच्या संमतीने. याउलट ५ एप्रिल २०२४ रोजी इक्वेडोरच्या पोलिसांनी क्विटोतल्या मेक्सिकोच्या दूतावासात शिरून तिथे आश्रय घेतलेल्या माजी उपराष्ट्राध्यक्षांना ताब्यात घेतले, आणि मेक्सिकोने संबंधच तोडले. ज्याने रक्षण करायचे तोच घुसला, तर तो जमावाच्या हल्ल्यापेक्षा मोठा भंग.

हल्ला झालाच तर

साफसफाई नंतर. आधी छायाचित्रे, मोडतोडीची यादी, वेळ घातलेली चित्रणे, जखमींचे वैद्यकीय कागद. पंचनाम्यासाठी पोलिसांना आत घ्यायचे तर लेखी संमती द्यावी आणि कोणत्या भागापुरती ते नमूद करावे. संमती नाकारण्याचा हक्क आहे, पण मग तपास लंगडा राहिला अशी तक्रार करताना पंचाईत होते. त्यानंतर निषेधाचे पत्र आणि नुकसानीचा दावा. हे दोन्ही वेगळे ठेवलेले चांगले, कारण निषेध त्याच दिवशी जायला हवा आणि मूल्यमापनाला महिने लागतात.

यजमान देश काय करतो, त्यावरून त्याचा हेतू कळतो. २ डिसेंबर २०२४ रोजी आगरतळ्यातल्या बांगलादेशाच्या सहायक उच्चायुक्तालयात जमाव शिरला, तेव्हा भारताने खेद व्यक्त केला, अटका झाल्या आणि पोलिसांवरही कारवाई झाली. खेद, अटक, जबाबदार अधिकाऱ्यांची चौकशी आणि वाढीव पहारा या चार गोष्टी झाल्या की वाद बहुधा तिथेच निवतो. राजनैतिक व्यक्तींवरच्या हल्ल्यांसाठी १९७३ चा स्वतंत्र करार आहे. त्याप्रमाणे आरोपीवर स्वतः खटला चालवायचा किंवा त्याला दुसऱ्या देशाच्या हवाली करायचे, तिसरा मार्ग नाही.

भरपाईचा हिशेब कधी दोन्ही बाजूंनी होतो. मे १९९९ मध्ये नाटोच्या बाँबहल्ल्यात बेलग्रेडमधला चीनचा दूतावास उद्ध्वस्त झाला आणि त्या संतापात चीनमध्ये अमेरिकी कार्यालयांवर दगडफेक झाली. त्याच डिसेंबरात समझोता झाला: इमारतीसाठी अमेरिकेने २ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे, चीनने अमेरिकी मालमत्तेच्या नुकसानीपोटी २८ लाख ७० हजार. एका चुकीने दुसरी माफ झाली नाही.

बोलणी फसली आणि दोन्ही देश १९६१ च्या कराराच्या ऐच्छिक जोडकरारात असले, तर वाद असल्याची सूचना दिल्यापासून दोन महिन्यांत लवाद नेमायचे ठरू शकते. पण ती मुदत संपेपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही, हे तेहरानच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले. लवाद ठरला नाही, तर कोणताही एक पक्ष आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ शकतो. मात्र जोडकरार तो स्वीकारलेल्यांनाच लागू, आणि त्यातून बाहेरही पडता येते. तेहरानचा खटला जिंकलेल्या अमेरिकेनेच २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली. न्यायालयाची वाट बंद असली, तरी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना घटना कळवता येते. ही नोंदीची पद्धत १९८० पासून आहे आणि यजमान देशाने दोषींचे काय केले हेही त्यात विचारले जाते.

संबंध तुटल्यावर

राजदूत निघून गेले, फाटकाला कुलूप लागले, तरी यजमान देशाची जबाबदारी संपत नाही. कलम ४५ प्रमाणे युद्ध पेटले असले तरी रिकामी इमारत, सामान आणि दप्तर यांचे रक्षण करायचेच असते. निघणारा देश ही देखरेख यजमानाला मान्य असलेल्या तिसऱ्या देशाकडे सोपवू शकतो. इराणमध्ये अमेरिकेचे हितसंबंध १९८० पासून स्वित्झर्लंड सांभाळते. सोपवताना सामानाची यादी, किल्ल्यांची पावती आणि यजमान देशाला गेलेले पत्र या तिन्हींच्या प्रती सोबत न्याव्यात, कारण परत येईपर्यंत किती वर्षे जातील ते कोणीच सांगू शकत नाही.